कालवांचं ट्रिप्लॉइड बी: तापमानाचा झटका कसा द्यायचा

ट्रिप्लॉइड, म्हणजे गुणसूत्रांचे तीन संच असलेलं कालव (ऑयस्टर) करायचं तर फळलेल्या अंड्यांना एकदम गरम किंवा थंड पाण्याचा झटका देतात. हॅचरीत, म्हणजे कालवांचं बी (लहान पिल्लं) तयार करतात तिथे, नव्याने आलेल्या मुलामुलींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किती अंशाला आणि किती मिनिटं?" या दोन्हींची उत्तरं पुढे आहेत. पण खरी मेख तिसऱ्या आकड्यात आहे, ती म्हणजे झटका नेमका कधी सुरू करायचा. तो आकडा कुठल्या तक्त्यात सापडत नाही. समोरच्या अंड्यांकडे सूक्ष्मदर्शकातून बघून तो दर वेळी नव्याने ठरवावा लागतो. म्हणून या लेखात त्या भागावर जास्त वेळ घालवला आहे आणि बाकीच्या पायऱ्या भराभर उरकल्या आहेत.

उदाहरणाला पॅसिफिक कालव घेतलं आहे, म्हणजे क्रॅसोस्ट्रिया गिगास. हे मूळचं जपानकडचं. आज फ्रान्समध्ये आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर शेती होते ती मुख्यतः याचीच, आणि ट्रिप्लॉइडचं काम याच्यावर भरपूर झालं आहे. कोकणच्या खाड्यांतल्या कालवांना यातलं काय लागू पडतं, ते शेवटाकडे सांगतो.

ट्रिप्लॉइड हवं कशाला

पाणी तापायला लागलं की कालव आपली सगळी ताकद जननग्रंथीत ओततं. उघडून पाहिलं तर आतलं मांस पांढरट, पिठूळ आणि लिबलिबीत झालेलं असतं. कच्चं कालव खाणारं गिऱ्हाईक ते नाक मुरडून परत करतं. एकदा अंडी आणि शुक्राणू सोडून झाले की उरतं ते पाणचट, हडकुळं मांस. शेतकऱ्याचा मोसम दोन्हीकडून मार खातो.

ट्रिप्लॉइड कालवाच्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या दोनऐवजी तीन संच असतात. तीनची दोन सारखे भाग पाडून वाटणी होत नाही, त्यामुळे जननपेशी धड तयार होत नाहीत. वाचलेली ताकद वाढीत आणि मांसात जाते, आणि माल भर उन्हाळ्यातही विकता येतो. पण त्याला "वांझ" म्हणायची घाई करू नका. ट्रिप्लॉइडमध्येही थोड्या जननपेशी बनतात, फक्त त्यातून धडधाकट पिल्लं निघणं दुरापास्त असतं. आणखी एक गैरसमज इथेच काढून टाकू. यात बाहेरचा कुठलाही जनुक घातलेला नसतो. मादीने टाकून दिला असता असा तिचाच एक संच आत ठेवलेला असतो, एवढंच.

कालवांमध्ये हे पहिल्यांदा साधलं ते अमेरिकेत मेन विद्यापीठात. १९८१ मध्ये तिथल्या संशोधकांनी अटलांटिक किनाऱ्याच्या कालवावर रसायन वापरून ट्रिप्लॉइड केल्याचं प्रसिद्ध झालं. ऐंशीच्या दशकातच वॉशिंग्टन राज्यातल्या हॅचऱ्यांनी ते धंद्यात उतरवलं. आज व्हर्जिनियात शेतीतली बहुतेक कालवं ट्रिप्लॉइड असतात.

अंड्यात काय चाललेलं असतं

हा भाग वाचायचा टाळू नका. हा समजला नाही तर पुढचं सगळं पाठांतर होईल.

पॅसिफिक कालवाच्या पेशीत २० गुणसूत्रं असतात, १० आईकडची आणि १० बापाकडची. मादीच्या पोटातून काढलेल्या अंड्यात मात्र ही अर्ध्यावर यायची प्रक्रिया, म्हणजे मीऑसिस, पुरी झालेली नसते. ती सुरू होऊन मध्येच थांबलेली असते आणि शुक्राणू आत शिरेपर्यंत थांबूनच राहते. शुक्राणू शिरला की गाडी पुढे सरकते. अंडं आधी गुणसूत्रांचा एक हिस्सा छोट्याशा मण्याच्या रूपात बाहेर ढकलतं. ही पहिली पोलर बॉडी. थोड्या वेळाने तसाच दुसरा मणी बाहेर पडतो, ती दुसरी पोलर बॉडी. आत आईची १० गुणसूत्रं उरतात, शुक्राणूची १० मिळतात आणि २० चा हिशेब जुळतो.

दुसरा मणी बाहेर पडू दिला नाही तर आईची २० आणि बापाची १० अशी ३० गुणसूत्रं होतात. आपलं सगळं काम एवढ्या एका गोष्टीभोवती फिरतं.

पोलर बॉडी बाहेर ढकलणारी यंत्रणा सूक्ष्मनलिकांच्या तर्कूवर (गुणसूत्रं दोन बाजूंना ओढणाऱ्या सांगाड्यावर) आणि अंड्याच्या कडेच्या आकुंचनावर चालते. पाणी एकदम थंड केलं की या नलिका विरघळतात. एकदम गरम केलं तरी तर्कू बिघडतो. तापमान पूर्ववत झालं की यंत्रणा पुन्हा उभी राहते, पण तोवर मणी बाहेर टाकायची वेळ टळून गेलेली असते.

पहिला मणी अडवूनही ट्रिप्लॉइड होतात, आणि काही प्रयोगांत असे ट्रिप्लॉइड जास्त वेगाने वाढलेही. पण पहिलं विभाजन अडवलं की दुसऱ्या विभाजनात गुणसूत्रांची पांगापांग होते. कुणाला २७ मिळतात, कुणाला ३४, आणि असे भ्रूण बहुतेक मरतात. नवख्याने दुसऱ्या मण्याच्याच मागे लागावं.

उष्णता, थंडी की रसायन

रसायनांत सायटोकॅलेसिन-बी सगळ्यात जुनं. नीट वापरलं तर टक्केवारी उत्तम मिळते, पण ते विषारी आणि महाग आहे, आणि वापरलेल्या पाण्याचं करायचं काय हा प्रश्न उरतोच. ६-डीएमएपी हे त्यामानाने सोपं, पाण्यात विरघळणारं. तिसरा मार्ग रसायनाविनाच जातो. १९९४ मध्ये रटगर्स विद्यापीठात टेट्राप्लॉइड कालवं, म्हणजे चार संचांची, तयार झाली. टेट्राप्लॉइड नर आणि साधी मादी यांची पिल्लं जवळपास सगळीच ट्रिप्लॉइड निघतात. मोठ्या हॅचऱ्या आता याच वाटेने जातात. पण टेट्राप्लॉइड नरांचा कळप बाळगणं हे छोट्या हॅचरीचं काम नव्हे.

तापमानाचा झटका स्वस्त आहे, मागे काही शिल्लक राहत नाही आणि त्याला कुठल्याही बाटलीची गरज नाही. त्याची खोट अशी की शंभर टक्के कधीच मिळत नाही. अर्ध्याहून अधिक भ्रूण ट्रिप्लॉइड निघाले आणि त्यातले बरेच जगले, तर पहिल्या मोसमाला ते चांगलंच म्हणायचं. शिकण्यासाठी माझ्या मते यापेक्षा चांगली पद्धत नाही, कारण यात अंड्याकडे बघायची सवय लागते. उष्ण पाण्यात कॅफीन मिसळून टक्केवारी वाढवल्याचे प्रयोगही झाले आहेत, पण ती पुढची इयत्ता.

आदल्या दिवशीची तयारी

समुद्राचं पाणी १ मायक्रॉनपर्यंत गाळून, अतिनील दिव्याखालून काढून ठेवा. क्षारता २८ ते ३२ पीपीटीच्या आसपास. क्लोरीन वापरलं असेल तर ते पूर्ण गेल्याची खात्री करा.

पाणी तापवण्यासाठी बाजारात मिळणारा घरगुती रॉड वापरायचा मोह होईल. मुळीच वापरू नका. त्याच्या नळीतलं तांबं खाऱ्या पाण्यात सुटतं, आणि कालवाच्या भ्रूणाला तांब्याइतकं जहरी दुसरं काही क्वचितच असेल. काचेचा किंवा टायटॅनियमचा हीटर घ्या. खाऱ्या पाण्यात वीज म्हणजे जिवाशी खेळ, तेव्हा अर्थिंग आणि ईएलसीबी (वीज गळली की प्रवाह तोडणारं बटण) नसेल तर पुढे जाऊ नका.

गरम टाकी मोठी हवी. २५ अंशांचं एक लिटर अंड्यांचं पाणी ३५ अंशांच्या दहा लिटरांत ओतलं, तर मिश्रण ३४.१ अंशांवर येतं. म्हणजे ३४ हवे असतील तर टाकी ३४.९ वर ठेवावी लागेल: ११ गुणिले ३४ बरोबर ३७४, त्यातून २५ वजा केले की ३४९, भागिले १०. हा हिशेब आदल्या दिवशी कागदावर करून ठेवा. त्या दिवशी डोकं चालत नाही. त्याहून सोपा उपाय म्हणजे अंडी पाण्यासकट ओतायचीच नाहीत, चाळणीवर धरून चाळणीच गरम टाकीत बुडवायची. पीव्हीसी पाइपच्या रिंगणाला २० मायक्रॉनची नायलॉन जाळी चिकटवली की चाळणी तयार. अंडं साधारण ५० मायक्रॉनचं असतं, ते वर राहतं.

पाणी तापवलं की त्यातली हवा बुडबुड्यांच्या रूपाने सुटते आणि अंडी त्या बुडबुड्यांना चिकटून वर येतात. म्हणून टाकी आधीच तापवून, हलकी हवा सोडून, तास-दोन तास स्थिर होऊ द्या.

थर्मामीटर सगळे एकाच भांड्यात बुडवून एकमेकांशी ताडून घ्या. एका अंशाचा फरक इथे निकाल बदलतो. फॉर्मालिनला लागलेलं कुठलंही भांडं, ड्रॉपर किंवा चाळणी जिवंत अंड्यांच्या आसपास येऊ देऊ नका. त्यांना लाल चिकटपट्टी लावून वेगळ्या कपाटात ठेवा.

अंडी आणि शुक्राणू काढणं

कालवांची चांगली गोष्ट ही की जननग्रंथीला चिरा देऊन अंडी थेट काढता येतात आणि ती फळतात. तिसऱ्या (क्लॅम) आणि शिनाणे (मसल) या शिंपल्यांच्या बाबतीत अशी काढलेली अंडी सहसा कामाची नसतात.

पूर्ण पिकलेलं कालव उघडा, शिंपला गोड्या पाण्याने आणि मग गाळलेल्या खाऱ्या पाण्याने धुवा. जननग्रंथीतून थेंबभर द्रव काचपट्टीवर घ्या. मादी असेल तर पाण्यात सुटे सुटे कण दिसतात, नर असेल तर दुधाळ ढग पसरतो. डोळ्यांवर विसंबू नका, प्रत्येक जनावर सूक्ष्मदर्शकाखाली तपासा. मधूनच एखादं उभयलिंगी निघतं, ते बाजूला काढा.

प्रत्येक जनावराला वेगळी सुरी, वेगळा ड्रॉपर, वेगळं भांडं. आणि आधी सगळ्या माद्या, मग नर. नराचा एक थेंब जरी अंड्यांच्या भांड्यात गेला तरी काही अंडी तुमच्या आधीच फळायला लागतात. मग अर्धी अंडी पुढे, अर्धी मागे, आणि झटका कुणालाच वेळेवर बसत नाही.

अंडी आधी ७० ते ८० मायक्रॉनच्या चाळणीतून गाळून ग्रंथीचे तुकडे काढा, मग २० मायक्रॉनवर धरून धुवा. काढलेली अंडी सुरुवातीला नासपतीसारखी निमुळती असतात आणि मध्ये मोठं फिकट केंद्रक दिसतं. २५ अंशांच्या पाण्यात अर्धा ते एक तास ठेवली की ती गोल होतात आणि ते केंद्रक दिसेनासं होतं. बहुतेक अंडी अशी झाल्याशिवाय शुक्राणू घालू नका. फळण्याची घाई केली तर सगळी अंडी एका रांगेत चालत नाहीत.

एकाच मादीची अंडी एका भांड्यात ठेवा. दोन माद्यांची अंडी मिसळली की दोन वेगवेगळी घड्याळं एकत्र आली. मिसळायचंच असेल तर झटका देऊन झाल्यावर मिसळा.

फलन: शून्य मिनिट

शुक्राणू ताजे, दोन-तीन नरांचे एकत्र, २० मायक्रॉनमधून गाळून घ्या. अंड्यांचं पाणी हळू ढवळत शुक्राणू एकाच वेळी घाला आणि घड्याळ सुरू करा. हप्त्याहप्त्याने घालू नका. मिनिटभराने थेंब तपासा. प्रत्येक अंड्याच्या कडेला पाच ते दहा शुक्राणू वळवळताना दिसले की पुरे. जास्त झाले तर एका अंड्यात दोन-दोन शिरतात आणि तो भ्रूण वाया जातो. वर तपासणीत तो तुम्हाला ट्रिप्लॉइड वाटून फसवतोही. दहाएक मिनिटांनी अंडी चाळणीवर धरून जादा शुक्राणू धुऊन टाका.

पाणी या सगळ्या काळात २५ अंशांवरच हवं. खोलीचं तापमान चढलं तर पुढचं वेळापत्रक तुमच्या नकळत पुढे धावतं.

मणी मोजणं

आता सूक्ष्मदर्शकावर बसा आणि उठू नका. २५ अंशांना पहिली पोलर बॉडी साधारण १५ ते २५ मिनिटांत दिसायला लागते आणि दुसरी ३५ ते ५० मिनिटांच्या आसपास. या आकड्यांमधली रुंदी बघा. मादी किती पिकलेली आहे, अंडी पाण्यात किती वेळ होती, तापमान अर्धा अंश इकडेतिकडे झालं का, या सगळ्यांवर वेळ सरकते. म्हणून काल २२ व्या मिनिटाला जमलं होतं म्हणून आज २२ व्या मिनिटाला झटका द्यायचा, असं करू नये.

दर दोन मिनिटांनी एक थेंब घ्या. शंभर किंवा दोनशे पट मोठं करून पाहा. अंडं करड्या, दाणेदार गोळ्यासारखं दिसतं. त्याच्या कडेला एका ठिकाणी किंचित सपाटी येते, तिथली दाणेदारी विरळ होते आणि मग एक स्वच्छ, काचेसारखा ठिपका कडेच्या बाहेर डोकावतो. त्याचा आकार अंड्याच्या मानाने इतका छोटा असतो की पहिल्या दिवशी बहुतेकांना दिसतच नाही. फाइन फोकसचा स्क्रू सतत पुढे-मागे फिरवत राहा. ठिपका वर-खालच्या पातळीत असला तर एका फोकसला तो गायब असतो.

इथे एक गोम आहे. मणी अंड्याच्या वरच्या किंवा खालच्या बाजूला आला तर तो तुम्हाला कडेला दिसणार नाही, आणि तुम्ही ते अंडं "अजून नाही" या खात्यात टाकाल. म्हणजे मोजणीत ५० टक्के आले तेव्हा प्रत्यक्षात त्याहून जास्त अंडी पुढे गेलेली असतात. आवरणकाचेला बोटाने हलकी टिचकी मारा, अंडी गडगडतात आणि लपलेले मणी कडेला येतात. ही सवय लावून घेतली तर तुमची मोजणी पुष्कळ विश्वासार्ह होते.

दर वेळी शंभर अंडी मोजा आणि आकडा लगेच वहीत लिहा. शेजारी एक मदतनीस बसवा. एकाने बघायचं, दुसऱ्याने लिहायचं आणि घड्याळाकडे लक्ष ठेवायचं. प्रत्येक वेळचा थोडा नमुना सौम्य फॉर्मालिनमध्येही टाकून ठेवा, संध्याकाळी शांतपणे पुन्हा मोजता येतो.

आठ टक्के, वीस टक्के, पस्तीस टक्के असा आकडा चढत जातो. चांगल्या अंड्यांत तो पाच-सहा मिनिटांत झपकन वर जातो. पंधरा-वीस मिनिटं रेंगाळत चढत असेल तर अंडी एका रांगेत नाहीत. अशा बॅचवर झटका वाया घालवू नका. तिला साधं बी म्हणून वाढवा आणि दुसरी मादी घ्या. कंटाळा येतो, पण यातून पुढचे तीन आठवडे वाचतात.

झटका

४० ते ५० टक्के अंड्यांत पहिला मणी दिसला की सुरुवात करा. चाळणीवरची अंडी २५ अंशांच्या पाण्यातून उचलून थेट गरम टाकीत बुडवा. मध्ये जाळी कोरडी पडू देऊ नका. पॅसिफिक कालवासाठी ३२ ते ३५ अंश आणि १० मिनिटं, ही चाचणी सुरू करायची जागा. ३२ ला अंडी जगतात पण टक्केवारी कमी राहू शकते. ३५ च्या पुढे मरतूक झपाट्याने वाढते.

चाळणी हळूहळू वर-खाली हलवत राहा, म्हणजे मध्यभागातली अंडीही त्याच तापमानाला येतील. चाळणीच्या आत एक थर्मामीटर धरा. टाकीच्या भिंतीवरचा आकडा खरा नसतो. दहा मिनिटं पुरी झाली की चाळणी उचलून सरळ २५ अंशांच्या ताज्या पाण्यात. इथेही हळूहळू थंड करायची गरज नाही. शेवट ठळक हवा, नाहीतर झटका किती वेळ बसला हे तुमचं तुम्हालाच सांगता येणार नाही.

थंड झटका द्यायचा असेल तर सगळं असंच, फक्त पाणी ० ते ५ अंशांचं आणि वेळ १० ते १५ मिनिटं. पाणी फ्रिजमध्ये थंड करा. बर्फ वापरलात तर तो बंद पिशवीत ठेवा. वितळलेलं गोडं पाणी मिसळलं की क्षारतेचाही झटका बसतो आणि कशामुळे काय झालं ते कळत नाही.

झटक्यानंतर अंडी मिलिलिटरला २० ते ३० अशा विरळ प्रमाणात मोठ्या टाकीत सोडा. हवा अगदी मंद. दुसऱ्या दिवशी डी आकाराचे डिंभक (पोहणारी बाल्यावस्था, लार्व्हा) दिसतील. ते ४५ मायक्रॉनच्या चाळणीवर धरा, वेडेवाकडे वेगळे मोजा आणि आयसोक्रायसिस, किटोसेरॉस यांसारख्या शैवालावर नेहमीसारखे वाढवा. दोन-तीन आठवड्यांत डोळा आलेले डिंभक कशाला तरी चिकटून बसायला तयार होतात. हे साध्या बियाण्यापेक्षा वेगळं काही नाही.

मोठ्या बॅचआधी छोटी चाचणी

मी वर दिलेले आकडे थेट मोठ्या टाकीवर लावू नका. एका मादीची अंडी लिटरच्या चंचुपात्रांत वाटा. दोन तापमानं घ्या, समजा ३२ आणि ३४.५. सुरुवातीच्या वेळा तीन: मणी ४० टक्क्यांना दिसले तेव्हा, त्यानंतर पाच मिनिटांनी, आणि दहा मिनिटांनी. ही सहा पात्रं झाली. सातवं पात्र अजिबात हात न लावलेलं. आठवं असं की त्यातली अंडी चाळणीवर उचलली, दहा मिनिटं हलवली, पण २५ अंशांच्याच पाण्यात. हे आठवं पात्र लोक टाळतात आणि तिथेच फसतात. मरतूक उष्णतेने झाली की चाळणीच्या हाताळणीने, हे तेवढंच एक पात्र सांगू शकतं.

निकाल वाचताना नुसत्या ट्रिप्लॉइडच्या टक्केवारीवर भाळू नका. समजा एका पात्रात ७५ टक्के ट्रिप्लॉइड आले, पण डी अवस्थेपर्यंत जगले फक्त २० टक्के. दुसऱ्यात ६० टक्के ट्रिप्लॉइड आणि जगले ४५ टक्के. पहिल्यात शंभर अंड्यांमागे हाती लागले १५ ट्रिप्लॉइड, दुसऱ्यात २७. आणि जगणाऱ्यांचा आकडा सातव्या पात्राशी ताडून पाहा. तिथेच निम्मे मेले असतील तर दोष अंड्यांचा, झटक्याचा नव्हे. (एका मोठ्या मादीत कोट्यवधी अंडी असतात, तेव्हा ज्याला अंडी फुकट आणि टाक्यांची जागा महाग, तो पहिलं पात्र निवडेल. तेही चूक नाही, पण हिशेब करून निवडावं.)

खरंच ट्रिप्लॉइड झाले का

सगळ्यात ढोबळ तपासणी त्याच दिवशी होते. दुसरा मणी येऊन जायची वेळ टळली की, पेशी दुभागायच्या आत, किती अंड्यांवर एकच मणी आहे आणि किती अंड्यांवर दोन, ते मोजा. एकच मणी असलेली अंडी तुमची, निदान कागदावर. मणी गळूनही पडतात, म्हणून याला अंदाजापलीकडे किंमत नाही.

गुणसूत्रं मोजणं ही खात्रीची आणि स्वस्त पद्धत. काही तासांचे भ्रूण सौम्य कोल्चिसिनमध्ये ठेवायचे, पातळ केलेल्या समुद्राच्या पाण्यात फुगवायचे, तीन भाग मिथेनॉल आणि एक भाग ॲसिटिक आम्लात स्थिर करायचे आणि काचपट्टीवर पसरून गिम्साने रंगवायचे. मग तेलाच्या भिंगाखाली मोजत बसायचं: २० म्हणजे साधं, ३० म्हणजे ट्रिप्लॉइड, मधलं काहीही म्हणजे बिघडलेलं. डोळे दुखतात, पण महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत हे सगळं मिळतं.

फ्लो सायटोमीटर उपलब्ध असेल तर उत्तमच. केंद्रकं डीएपीआयने रंगवली की यंत्र प्रत्येक केंद्रकातला डीएनए मोजतं. साध्याचं शिखर जिथे येतं त्याच्या दीडपटीवर ट्रिप्लॉइडचं शिखर यायला हवं. साध्या पिल्लांचा नमुना दर वेळी सोबत पाठवा, त्याच्याशिवाय दीडपट कशाची हेच कळणार नाही.

आपल्या किनाऱ्यावर

पॅसिफिक कालव भारतातलं नाही, आणि परदेशी जात परवानगीशिवाय आणणं बेकायदा तर आहेच, रोग आणि आगंतुक वाढ यांमुळे धोक्याचंही आहे. इथे काम करायचं ते आपल्या जातींवर. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने तुतिकोरिनला क्रॅसोस्ट्रिया मद्रासेन्सिसची हॅचरी उभी केली आणि या जातीत ट्रिप्लॉइडही तयार करून पाहिले. सिंधुदुर्गात महिला बचत गट खाडीत कालवं वाढवतात, त्यांना पुढे अशा बियाण्याचा उपयोग होऊ शकतो.

पण वरचं वेळापत्रक इथे जसंच्या तसं उचलू नका. आपल्या खाडीचं पाणी वर्षातला बराच काळ २७ ते ३१ अंशांवर असतं. ओहोटीला उघड्या पडलेल्या कालवाला ३२ अंश म्हणजे रोजची दुपार, त्याला तो झटका वाटणारच नाही. झटक्याचं बळ नेहमीच्या तापमानापासून किती दूर उडी मारली यात असतं. तेव्हा एकतर अंडी २५ अंशांच्या वातानुकूलित खोलीत फळवून मग वर न्यायची, नाहीतर थंड झटक्याची वाट धरायची. मला आपल्याकडे दुसरी जास्त भरवशाची वाटते, कारण वरच्या बाजूला मरणाची रेषा फार जवळ आहे आणि खालच्या बाजूला मोकळी जागा पुष्कळ. शिवाय २८-३० अंशांना अंडी भरभर पुढे जातात. पहिला मणी लवकर येतो आणि दुसरा त्याच्या पाठोपाठ, म्हणून दर दोन मिनिटांऐवजी दर मिनिटाला थेंब घ्या.

शिनाणे किंवा तिसऱ्यांवर प्रयोग करायचा असेल तर आधी पाण्याचं तापमान वर-खाली करून त्यांना अंडी सोडायला लावावं लागतं. प्रत्येक जनावर वेगळ्या चंचुपात्रात ठेवा आणि ज्या मादीने सोडली तिची वेळ तिच्या पात्रावर लिहा.

बी नखाएवढं झालं की कल्ल्यांचा तुकडा घेऊन पुन्हा तपासा, एकेक बी वेगळं, निदान तीस तरी. डिंभकांत मिळालेली टक्केवारी बियाण्यात तशीच राहत नाही. मधल्या मरतुकीत ट्रिप्लॉइड आणि साधे सारख्या प्रमाणात मरत नाहीत. शिवाय काही ट्रिप्लॉइडांच्या अंगात वाढताना साध्या पेशीही दिसायला लागतात. पिशवीवर चिठ्ठी लावाल ती या तपासणीच्या आकड्याची लावा, आणि त्यावर मादीचा क्रमांक, झटक्याची तारीख आणि सुरुवातीला मोजलेली मण्यांची टक्केवारी लिहा.